शेजारच्या झाडाची सावली आणि आमचे थॅलिक्ट्रम

बर्मिंगहॅममधल्या आमच्या घरामागे चाळीस फूट लांब आणि वीस फूट रुंद अशी बाग आहे. दक्षिणेच्या कुंपणापलीकडे, शेजारच्या आवारात, ओकचे एक जुने झाड उभे आहे. सकाळी अकरापर्यंत आमच्याकडे ऊन असते. मग त्या झाडाची सावली कुंपण ओलांडून आत येते आणि असरच्या नमाजपर्यंत मुक्काम ठोकते. कोकणातून येणारे पाहुणे ही सावली पाहून खूश होतात. मे महिन्यातल्या रत्नागिरीहून आलेल्या माणसाला ती आवडणारच. पण इथे उन्हाळा मोजून तीन महिने, त्यातही निम्मे दिवस ढगाळ. इथे माणसे उन्हासाठी भांडतात, आणि आम्हीही भांडलो.

2012 साली अम्मींच्या इंतकालानंतर अब्बा आमच्याकडे राहायला आले. खेडजवळच्या गावात त्यांचे परस होते. दुधी, पडवळ, मुळा, मेथी, सगळे घरचे. इथे आल्यावर पहिल्याच एप्रिलमध्ये त्यांनी कुदळ मागितली. मेथी उगवली, पण उन्हाच्या ओढीने लांबट, फिकट झाली आणि पाने धरायच्या आत फुलावर आली. दुधीच्या वेलाने कुंपण धरले आणि तिथेच थांबला. अब्बांनी निदान केले, "झाड त्यांचं, पण ऊन आपलं खातंय." ऑक्टोबरमध्ये त्याच झाडाची पाने आमच्या बागेत गुडघाभर साचली तेव्हा त्यांचा संयम संपला.

शेजारी ऐंशीच्या घरातल्या एक आजी एकट्या राहत होत्या. आम्ही त्यांना चिठ्ठी लिहिली. आज ती आठवली की लाज वाटते. झाड कापून घ्या, नाहीतर आम्ही आमच्या बाजूच्या फांद्या उतरवू, असा तिचा सूर होता. इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे आपल्या हद्दीत आलेल्या फांद्या हद्दीपर्यंत कापता येतात हे खरे. मात्र एखाद्या झाडावर नगरपालिकेचा संरक्षण आदेश असेल तर परवानगीशिवाय त्याला हात लावणे गुन्हा ठरतो, आणि या ओकवर तो आदेश होता. म्हणजे झाड राहिले आणि शेजार गेला. आजींनी कुंपणावरून 'गुड मॉर्निंग' म्हणणेही बंद केले.

त्या हिवाळ्यात एका जुम्याच्या खुतब्यात इमामसाहेबांनी शेजाऱ्याच्या हक्कांवर बयान केले. हजरत जिब्रील (अ.) शेजाऱ्याबद्दल इतकी ताकीद करत राहिले की आता शेजाऱ्याला वारसाहक्कही मिळतो की काय असे प्रेषितांना (स.) वाटू लागले, ही हदीस अब्बांनी आयुष्यभर ऐकली होती. पण त्या दिवशी घरी येईपर्यंत ते काही बोलले नाहीत. ईदला त्यांनी शीरखुर्म्याचे एक भांडे बाजूला काढून ठेवले आणि आम्हाला म्हणाले, "चला, मला इंग्रजी येत नाही."

आजींनी दार उघडले. थोडे अवघडलेपण झाले, मग चहा झाला, मग त्या आम्हाला मागे बागेत घेऊन गेल्या. ओकची सावली त्यांच्याकडे आमच्यापेक्षा जास्त होती, याचा विचार आम्ही कधी केलाच नव्हता. त्या सावलीच्या कडेला माणसाच्या उंचीची काही रोपे उभी होती. दांडे सुतळीएवढे बारीक आणि जांभळट, पाने नाजूक, आणि वर फिकट जांभळ्या फुलांचे असे धुके की पलीकडची वीट न् वीट दिसत होती. त्या वर्षी ईद ऑगस्टमध्ये आली होती आणि ही फुले ऐन बहरात होती. अब्बांनी विचारले, "याला ऊन लागत नाही?" आजी म्हणाल्या, सकाळचे थोडे पुरते, दुपारचे नकोच असते. पुढच्या एप्रिलमध्ये त्यांनी एक गड्डा उपटून, जुन्या बादलीत घालून, कुंपणावरून आमच्या हातात दिला.

ते रोप म्हणजे थॅलिक्ट्रम. इंग्रजीत त्याला 'मेडो रू' म्हणतात. मेडो म्हणजे कुरण आणि रू म्हणजे आपली सताप, जी कोकणात लहान मुलांच्या खोकल्यासाठी परसात लावलेली असते आणि युनानी हकीम जिला सुदाब म्हणतात. सतापीशी याचे नाते काही नाही. पाने तशी दिसतात म्हणून नाव पडले. आम्हाला विचाराल तर ती हंसराजाच्या पानांसारखी जास्त दिसतात. घरी आलेल्या खालांना तर ती कोथिंबीर वाटली आणि त्या खुडायलाच निघाल्या होत्या. तेव्हा आधीच सांगतो, हे खायचे नाही. याचे खरे सगेसोयरे वेगळेच आहेत. आपल्या घरात ज्या कलौंजीला बरकतीचे दाणे मानतात ती कलौंजी आणि हे थॅलिक्ट्रम वनस्पतिशास्त्रात एकाच कुळातले. अब्बांना ही माहिती इतकी आवडली की त्या दिवसापासून त्या रोपाला घरात मान मिळाला.

याच्या दीडशेच्या वर जाती आहेत. बहुतेक थंड हवामानातल्या, काही वीतभर तर काही आठ-नऊ फुटी. आजींनी दिलेली जात 'डेलावाय', तीही दुहेरी फुलांची, जिला 'ह्यूइट्स डबल' म्हणतात. मूळची पश्चिम चीनमधली. युन्नान प्रांतात वनस्पती गोळा करणाऱ्या डेलावे नावाच्या फ्रेंच धर्मोपदेशकाचे नाव तिला मिळाले. उंची चार ते सहा फूट, बहर जुलै-ऑगस्टमध्ये.

आता लावायचे कसे ते सांगतो, कारण आमची पहिली दोन वर्षे चुका करण्यातच गेली.

पहिली चूक जागेची. 'अर्धी सावली' हा शब्द आम्ही फार ढोबळपणे घेतला. दिवसातून तीन ते सहा तास ऊन मिळते त्या जागेला बागकामात अर्धी सावली म्हणतात, आणि थॅलिक्ट्रमसाठी त्यातले ऊन सकाळचे असले तर उत्तम. आम्ही मात्र सावलीतलेच रोप आहे म्हणून गड्ड्याचा निम्मा भाग थेट कुंपणाला लागून, ओकच्या फांद्यांखाली सर्वांत दाट सावलीत लावला. तिथे अडचण सावलीची कमी आणि पाण्याची जास्त होती. मोठे झाड आजूबाजूची ओल शोषून घेते, आणि पावसाचे पाणीही पानांवरच अडते. माती धुळीसारखी कोरडी राहते. थॅलिक्ट्रमला सावली चालते पण कोरडी सावली चालत नाही. ऑगस्टपर्यंत खालच्या पानांवर पिठासारखी भुरी आली आणि दांडे दीड फुटावरच थांबले. उरलेला निम्मा भाग आम्ही फांद्यांच्या घेराबाहेर, जिथे पाऊस सरळ जमिनीवर पडतो तिथे लावला होता, आणि तो तगला. म्हणून झाडाखाली लावायचे असेल तर फांद्यांच्या टोकाखालची कडा गाठावी. बुंध्याशी जाऊ नये.

ओकची एक भलाई नंतर लक्षात आली. त्याला पालवी फार उशिरा, एप्रिलच्या अखेरीस किंवा मेमध्ये फुटते. त्यामुळे थॅलिक्ट्रम जमिनीतून डोके काढते तेव्हा त्याला भरपूर ऊन मिळते, आणि ऊन तापू लागेपर्यंत वर छत तयार झालेले असते. पूर्वेकडे भिंत असलेल्या बागेत हा फायदा मिळत नाही.

दुसरी चूक मार्चमधली. हिवाळ्यात थॅलिक्ट्रम पूर्ण जमिनीत जाते. वर एक काडीही उरत नाही, आणि वसंतात इतर सगळे फुटून आले तरी हे येत नाही. अब्बांना वाटले मेले. त्यांनी तिथे दाताळे चालवले आणि दोन कोवळे कोंब तुटून वर आले. तेव्हापासून शरद ऋतूत दांडे कापताना आम्ही प्रत्येक गड्ड्याशेजारी बांबूची काठी रोवतो. हिवाळ्यात ती बाग थोडी कबरस्तानासारखी दिसते, असे धाकट्याचे म्हणणे आहे.

माती आमची चिकण आहे. बर्मिंगहॅमच्या पुष्कळ भागांत तशीच. चिकण माती ओल धरते हे बरे, पण हिवाळ्यात पाणी साचले तर मुळे कुजतात. ओल हवी आणि निचराही हवा, ही मागणी पुरी करायला पालापाचोळ्याच्या खताइतके चांगले काही नाही. आणि पालापाचोळा तर आमच्याकडे गुडघाभर होताच! ज्या पानांवरून अब्बा चिडले होते तीच पाने ते आता ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या आवारातूनही मागून आणतात. काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांना भोके पाडायची, पाने ओली करून ठासून भरायची, तोंड बांधायचे आणि पिशव्या शेडच्या मागे टाकून विसरून जायचे. ओकचे पान जाड, कुजायला दोन वर्षे घेते. पण दोन वर्षांनी पिशवी उघडली की आत काळसर, भुसभुशीत खत असते आणि त्याला पहिल्या पावसाच्या मातीचा वास असतो. दर वसंतात आम्ही ते गड्ड्यांभोवती दोन-तीन इंच जाड पसरतो, कोंबांच्या डोक्यावर मात्र घालत नाही.

लावणीला एप्रिल किंवा सप्टेंबर बरा. दोन रोपांत दीड ते दोन फूट अंतर ठेवावे. पहिल्या वर्षी आठवड्याला एकदा बादलीभर पाणी मुळाशी द्यावे. रोज शिंतोडे मारण्याने मुळे वरवर राहतात. छपराच्या पन्हळीचे पाणी आम्ही पिंपात साठवतो आणि बहुतेक वर्षी तेच पुरते. ह्यूइट्स डबलला बसायला वेळ लागतो. पहिल्या उन्हाळ्यात आमच्याकडे दोन फुटांचे दांडे आणि चार फुले आली, खरी उंची तिसऱ्या वर्षी. याला बी धरत नाही, त्यामुळे नवे रोप गड्डा फोडूनच करावे लागते, तेही वसंतात कोंब नुकते दिसू लागल्यावर. फोडलेला गड्डा वर्षभर रुसतो. म्हणून दरवर्षी उपटाउपटी करू नये.

दांडे बारीक असल्याने जुलैच्या पावसात फुलांचा भार भिजला की सगळे झोपते. फुले आल्यावर काठ्या बांधायला गेलात तर उशीर झालेला असतो, शिवाय बांधलेली जुडी केरसुणीसारखी दिसते. मेमध्ये रोपे फूटभर असतानाच आजूबाजूला फांद्या खोचल्या तर दांडे त्यांतून वाट काढत वर येतात आणि आधार दिसतही नाही. छाटणीतल्या काटक्या आम्ही त्यासाठी जपून ठेवतो.

उरला प्रश्न गोगलगायींचा. कोवळे कोंब म्हणजे बिनशंखाच्या गोगलगायींची मेजवानी. एका रात्रीत गड्डा साफ होतो. पूर्वी लोक त्यांच्यासाठी निळ्या विषारी गोळ्या टाकत. त्यातल्या मेटाल्डिहाइड या विषाचा बागेतला वापर इथे 2022 पासून बंद झाला, आणि बरे झाले. इंग्रजी बागकामाच्या पुस्तकात दुसरा उपाय हमखास दिलेला असतो, वाटीत बीअर ओतून ठेवण्याचा. अब्बांना आम्ही तो वाचून दाखवला तेव्हा ते बराच वेळ हसत होते. आमचा उपाय असा: मोसंबी किंवा ग्रेपफ्रूट खाऊन झाले की अर्ध्या सालीची वाटी संध्याकाळी उपडी ठेवायची, सकाळी गोगलगायी तिच्याखाली गोळा झालेल्या असतात. मे-जूनमध्ये इथे फजर इतकी लवकर होते की नमाजनंतर झोपायचे की नाही हा दरवर्षीचा वाद असतो. अब्बा झोपत नाहीत. ते टॉर्च आणि डबा घेऊन बागेत जातात.

एका गड्ड्यावर समाधान झाले नाही. पुढे 'अक्विलेजिफोलियम' आणले, युरोपातलेच, तीन फुटी, मे-जूनमध्ये फुलणारे. याला पाकळ्या जवळजवळ नसतातच. दिसतो तो पुंकेसरांचा गुलाबी-जांभळा झुबका, शिरीषाच्या फुलासारखा. नवशिक्यांनी याच्यापासून सुरुवात करावी, असे आमचे मत आहे. हे बियांपासून येते, थोडे दुर्लक्ष सहन करते आणि आधार मागत नाही. बी ताजे असतानाच शरद ऋतूत कुंडीत पेरून बाहेर थंडीत ठेवावे. थंडी खाल्ल्यावर ते वसंतात उगवते आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फुलते. सर्वांत उंच म्हणाल तर 'एलिन', आठ फुटांच्या वर जाते. कोंब निळसर राखाडी, दांडे जांभळे. आमच्या बागेला ते झेपणार नाही असे सगळ्यांनी सांगितले होते. आम्ही लावले. फुलांचा घेर इतका विरळ असतो की एवढी उंची असूनही मागचे काही झाकले जात नाही, त्यामुळे ते पुढच्या ओळीतही चालते. पांढरी माळीवाडा बेगम अशी काहीतरी पदवी त्याला घरातल्या मुलींनी दिली आहे, का ते विचारू नका. फुले जांभळट आहेत.

अब्बांचा एक आक्षेप मात्र बरीच वर्षे टिकला. मुसलमानाने लावलेल्या झाडातून किंवा पेरलेल्या शेतातून माणसाने, पाखराने किंवा जनावराने काही खाल्ले तर ते त्याच्यासाठी सदका ठरते, ही हदीस ते मेथी पेरताना नेहमी सांगत. थॅलिक्ट्रमचे कोण काय खाते? उत्तर अक्विलेजिफोलियमने दिले. थॅलिक्ट्रमच्या फुलांत मध नसतो, पण पराग विपुल असतो, आणि जूनच्या सकाळी मधमाश्या त्या झुबक्यांवरून पायांना पिवळ्या गोळ्या लावून निघतात. ह्यूइट्स डबलच्या दुहेरी फुलांत पुंकेसरांच्या जागीही पाकळ्याच असतात, म्हणून तिकडे माशी फिरकत नाही. हा फरक कळल्यावर अब्बांनी नवी रोपे निवडायचे काम स्वतःकडे घेतले. कुरआनात मधमाशीच्या नावाची सूरह आहे, डबल फुलाच्या नावाची नाही, हा त्यांचा युक्तिवाद.

आपल्याकडच्या वाचकांना हे सगळे दूरचे वाटेल, पण थॅलिक्ट्रम आपल्या घरात आधीच येऊन गेलेले असू शकते. हिमालयात याची 'फोलिओलोसम' नावाची उंच जात होते. तिची पिवळी मुळे बाजारात ममीरी किंवा ममीरा म्हणून विकली जातात, आणि ममीऱ्याचा सुरमा आपल्या दादी-नानींच्या सुरमेदाणीत असायचा. (बागेतले मूळ उगाळून डोळ्यांत घालण्याचा उद्योग कुणी करू नये, डोळ्यांसाठी डॉक्टर आहेत.) सह्याद्रीचीही स्वतःची एक जात आहे, 'डालझेली'. मुंबई इलाख्यात वनाधिकारी असलेल्या आणि 1861 साली इलाख्यातल्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिणाऱ्या डालझेल या स्कॉटिश माणसाच्या नावाची. पश्चिम घाटाबाहेर ती कुठे सापडत नाही. पावसाळ्यात घाटमाथ्यावर पांढऱ्या फुलांची ही छोटी रोपे दिसली तर पाहून यावे, उपटून आणू नये. ती खाली जगणार नाहीत. उंच जातींना तर कडक हिवाळ्याची झोप लागते, म्हणून पुण्यात किंवा चिपळूणला त्यांच्यावर पैसे घालवू नयेत. अर्ध्या सावलीच्या परसात तिथे हळद, आले आणि अळू हेच शहाणपणाचे. पाल्याच्या खताची रीत मात्र जशीच्या तशी चालेल, आणि तिथल्या उबेत दोन वर्षे थांबावेही लागणार नाही.

आजी तीन वर्षांपूर्वी वृद्धाश्रमात गेल्या. जाण्याआधी त्यांनी बागेतली आणखी दोन रोपे अब्बांना दिली. दोघांना एकमेकांची भाषा शेवटपर्यंत आली नाही, बोलणे चालायचे ते बोटांनी आणि रोपांच्या लॅटिन नावांनी. घर विकले गेले. आता तिथे एक तरुण जोडपे राहते, त्यांना आठ महिन्यांची मुलगी आहे. मागच्या फेब्रुवारीत ते दोघे कागद घेऊन आमच्या दारात आले. ओकचा विस्तार कमी करण्यासाठी त्यांनी नगरपालिकेकडे अर्ज केला होता. मुलीला बागेत थोडे ऊन मिळावे, एवढीच इच्छा. तुमचीही तीच अडचण असेल, तुम्ही पाठिंबा द्याल का?

आम्ही एकमेकांकडे पाहिले. बारा वर्षांपूर्वीची आमची चिठ्ठी यांनी लिहिली असती तर किती सभ्य झाली असती, असे वाटून गेले. ते गेल्यावर घरात दोन दिवस चर्चा चालली. सावली गेली तर थॅलिक्ट्रमचे काय? आमच्यापैकी एकाचे मत होते की हरकत नोंदवावी. अब्बा म्हणाले, "त्यांची पोर आहे, आपली फुलं आहेत." शेवटी आम्ही नगरपालिकेला लिहिले की आमची हरकत नाही, फक्त छाटणी बेताची व्हावी आणि झाडाचा आकार राहावा. आठ आठवड्यांनी बेताच्याच छाटणीला मंजुरी आली. यंदा हिवाळ्यात फांद्या उतरल्या.

आता दुपारचे दीड-दोन तास ऊन जास्त येईल असा आमचा अंदाज आहे. जमिनीत ओल असेल तर थॅलिक्ट्रम तेवढे ऊन सोसते, म्हणून खताचा थर यंदा चार इंचांचा केला आहे आणि दुसरे पिंप आणले आहे. एलिनचे निळसर कोंब कालच काठीशेजारी दिसले. अब्बांनी मोकळ्या उन्हाच्या पट्ट्यात, बारा वर्षांनंतर, पुन्हा मेथी पेरली आहे.